उजनीचा गाळ बघायला

उजनीला लोक जातात ते थंडीत, फ्लेमिंगो बघायला. मी मुद्दाम मे महिन्यात गेलो, गाळ बघायला. तळ्याच्या गाळातून खनिज तेल कसं होतं, हे डोक्यात होतं. घरच्यांनी कपाळावर हात मारला, पण भूशास्त्राचा नाद लागलेल्या माणसाच्या सुट्ट्या अशाच जातात.

सोलापुरातून पहाटे निघालो. मोहोळ, टेंभुर्णी, मग करमाळ्याच्या रस्त्याने जेऊर. हायवेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत होती, एवढंच. जेऊरच्या पुढे उसाचे फड संपले की भेगाळलेलं मैदान लागतं. हा धरणाचा तळ. उजनीची क्षमता 117 टीएमसी, त्यातलं 63 टीएमसी नुसता मृतसाठा. पाणी मृतसाठ्यात उतरलं, म्हणजे ‘वजा’त गेलं, की बुडालेली शिवारं उघडी पडतात आणि गाळ न्यायला ट्रॅक्टरांची रांग लागते.

एका ट्रॅक्टरवाल्या मामांकडून फावडं मागून घेतलं. वरचा वीतभर थर राखाडी, वाळलेला, गोगलगायींच्या शंखांनी भरलेला. त्याखाली मऊ, काळाकुट्ट गाळ, आणि नासक्या अंड्याचा भपकारा. ढेकूळ फोडून उन्हात ठेवलं, तर बघता बघता कडेने काळा रंग उतरून तपकिरी होत गेला. लोह आणि गंधकाच्या संयुगामुळे तो काळा असतो. हवा लागली की ते मोडतं.

“काय बघायलाव एवढं?” मामा म्हणाले. “काळी हाय तवर वास मारती. वाळली की रानाला लई चांगली.”

खनिज तेलाची सगळी गोष्ट या काळ्या-तपकिरीत आहे. तळ्यातलं शेवाळ मरून तळाशी बसतं. तिथे प्राणवायू असला तर जिवाणू आणि किडे त्याचा फडशा पाडतात. नसला, तर त्यातली चरबी बरीचशी वाचते. लोणचं तेलाखाली बुडालेलं असेपर्यंत टिकतं, तसंच हे. खोल तळ्यात वरचं ऊबदार पाणी आणि खालचं थंड किंवा खारट पाणी एकमेकांत मिसळत नाही. तळाला हवा पोचत नाही, गाळ उकरायला किडेही नसतात. म्हणून थर कागदासारखे पातळ राहतात. गाळाच्या खडकात शंभराला दोन भाग सेंद्रिय कार्बन असला, तरी तो तेलाचा चांगला स्रोत मानतात.

मग हा गाळ गाडला जावा लागतो, तोही किलोमीटरांनी. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश उष्णता वाढते. गाळातल्या सेंद्रिय द्रव्याचं आधी केरोजेन, म्हणजे तेलाचा घट्ट कच्चा माल, होतं आणि 60 ते 120 अंशांच्या दरम्यान त्यातून तेल सुटतं. अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हरच्या सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यांचा शेल, म्हणजे गाळाचा थरदार खडक, पुष्कळ ठिकाणी तेवढा खोल गेलाच नाही. केरोजेन तसंच राहिलं. तेल हवं तर दगड भट्टीत 500 अंशांपर्यंत तापवावा लागतो. उलट चीनमधल्या दाचिंगचं तेल, 1959 साली सापडलेलं, जुन्या तळ्याच्या गाळातूनच पिकलेलं आहे. आपल्याकडे राजस्थानातल्या बाडमेरचं तेलही तळ्याचंच. शेवाळाच्या चरबीमुळे त्यात मेण इतकं, की थंड झालं तर ते थिजतं. म्हणून गुजरातकडे जाणारी त्याची पाइपलाइन गरम ठेवावी लागते.

उजनीत शेवाळाला तोटा नाही. पुण्याकडचं सांडपाणी भीमेतून येतं, त्यावर पाणी हिरवंगार होतं. पण पावसाळ्यात नदी इतकी माती आणते की शेवाळ त्यात पातळ होऊन जातं. उन्हाळ्यात तळ उघडा पडतो, हवा लागते, उरलेलं ट्रॅक्टरमधून रानात जातं. आणि खाली आपला साडेसहा कोटी वर्षांचा काळा कातळ. तो किलोमीटरभर खचून गाळाला जागा करून देणार नाही. मला विचाराल तर तेलापेक्षा रानात जातंय हेच बरं.

मामांना एवढं सगळं सांगितलं. त्यांनी फावडं परत घेतलं आणि ट्रॉली भरायला लागले.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा. पाण्याच्या कडेपर्यंत जाऊ नका. वरून कडक दिसणारा गाळ आत लोण्यासारखा असतो, गुडघ्यापर्यंत पाय जातो. चपला नकोत, बूट घाला. सावलीला एक बाभूळसुद्धा नाही, पाणी भरपूर घ्या.