सोलापूरचा उन्हाळा, माठाचं पाणी आणि फोमापान: आतापर्यंतच्या नोंदी

एप्रिल लागला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी ३५ अंशांच्या वर जातं, आणि फिल्मचे रोल धुण्याचे, म्हणजे रसायनांत घालून त्यावरचं चित्र उमटवण्याचे, सगळे तक्ते २० अंशांवर बेतलेले असतात. सोलापुरात ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घरी धुणाऱ्याला फिल्मच्या किमतीपेक्षा पाण्याचीच चिंता जास्त. नळाला चार-पाच दिवसांनी येणारं, बोअरचं असेल तर जड, आणि उन्हाळाभर तापलेलं. गेल्या हिवाळ्यापासून मी स्वस्तातली फिल्म, जुने कॅमेरे आणि घरी कालवलेला डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण) एवढ्यावरच काम करतो आहे. आता मे महिन्यातही बिनधास्त रोल धुता येईल अशी पद्धत बसली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सामान. ३५ मिमी फिल्मसाठी झेनिट-ई हा जुना कॅमेरा आणि त्याच्यावर हेलिऑस ४४-२, म्हणजे ५८ मिमीची एफ/२ लेन्स. शटरचे वेग १/३० ते १/५०० सेकंद आणि बी (बटण दाबून धरू तोवर शटर उघडं), बस्स. लेन्सच्या वर बसवलेला सेलेनियमचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा काटा, बॅटरीशिवाय चालतो. माझ्याकडचा मीटर मोबाइलवरच्या मीटरशी ताडून पाहिला, तर तो उन्हात साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, जास्त उजेड मागतो. निगेटिव्हला जास्तीचा उजेड सोसतो, त्यामुळे मी तो तसाच वापरतो.

१२० या रुंद फिल्मसाठी अ‍ॅग्फा क्लिक थ्री. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा डबा एके काळी कितीतरी मराठी घरांत होता. आपल्या आईवडिलांच्या लग्नानंतरच्या अल्बममधले चौकोनी फोटो बरेचदा याच्यातलेच. ६×६ सेंमीचे १२ फोटो येतात, फोकस करायचा प्रश्नच नाही. एक काळजी घ्यायची. मागच्या लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावून ठेवायची आणि रोल पुढे सरकवताना तेवढी सावलीत उचलायची. पूर्वीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल उजेड दिसत नसे, आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म तो बघते. आपल्याकडच्या उन्हात ही पट्टी हवीच.

फिल्म बहुतेक फोमापान १०० आणि ४००, मध्येच केंटमीअर ४००. फोमा ही चेकियातल्या ह्राडेक क्रालोव्हेची १९२१ पासूनची कंपनी, केंटमीअर इंग्लंडच्या हार्मनची. फोमापान १०० मी ३०.५ मीटरच्या डब्यात घेतो. त्यात ३६ फोटोंचे १८-१९ रोल भरतात आणि तयार रोलच्या मानाने खर्च पुष्कळच उतरतो. रिकाम्या कॅसेट फोटो लॅबमधून मागून आणायच्या. अजूनही कोणी ना कोणी रंगीत रोल धुवायला टाकतो, त्यामुळे मिळतात.

आता फोटोंकडे. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, फोमापान ४०० वापरली, पण डब्यावर ४०० असलं तरी मीटर २०० ला लावून. या फिल्मचा मला आलेला अनुभव हाच, की २०० ला धरली तर सावलीत जीव राहतो. उत्तर कसब्यातून निघणारे सात नंदीध्वज, भोवती पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त, आणि जानेवारीचं स्वच्छ ऊन. काळ्या-पांढऱ्या फिल्मची याहून कठीण परीक्षा मला माहीत नाही. पांढऱ्या कापडाकडे बघून मीटर घेतला तर चेहरे काळे पडतात, चेहऱ्यावरून घेतला तर बाराबंदी नुसती कोरी. मी चेहऱ्यांची बाजू घेतली. भर उन्हात एफ/१६ ला १/२५० बसत होतं, तिथे एफ/११ ठेवलं, आणि धुताना वेळ वीस टक्के कमी केला. सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याच्या एका निगेटिव्हमध्ये पाठमोरा उभा असलेला माणूस आहे. भिंगातून बघितलं तर त्याच्या खांद्यावर ताणलेल्या कापडाच्या चुण्या, बंदाची गाठ आणि गाठीखालची बारीक सावली, सगळं वेगवेगळं दिसतं. एवढ्या स्वस्त फिल्मकडून यापेक्षा जास्त मागायचं कारण नाही.

भुईकोट किल्ल्याचं उलटं. दगड काळसर, आकाश पांढरटलेलं. तिथे पिवळा फिल्टर लावून एक स्टॉप वाढवला की तटाच्या वरचं आकाश थोडं तरी उतरतं.

पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात मात्र उजेडच नव्हता. वरून ट्यूबलाइट, एका भिंतीला धुळकट झरोका. तिथे माग चालवणाऱ्या अण्णांनी दारातच सांगितलं, "ओ सर, आत कॅमेरा उघडू नका. हवेत रुई असते, सगळीकडे जाते." हा सल्ला सोन्यासारखा. रोल बदलायचा तर बाहेर रस्त्यावर येऊन, आणि मागचं झाकण उघडण्याआधी कॅमेरा ब्रशने झाडून. आत १/३० आणि एफ/२.८ वर काम चाललं. त्याहून वेगवान शटर ट्यूबलाइटखाली टाळाच. जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि झेनिटचं कापडी शटर फट सरकवत उजेड देतं, त्यामुळे १/२५० ला फ्रेमवर उभे फिके-गडद पट्टे पडू शकतात. १/३० ला धोटा (आडवा धागा नेणारा) पुसट होतो, पण अण्णांचा ताण्यावर टेकलेला हात आणि तुटलेला धागा शोधणारी बोटं स्थिर राहतात. मला तेच हवं होतं.

आता धुण्याचं. डेव्हलपर म्हणून मी डी-२३ वर थांबलो आहे. कोडॅकच्या प्रयोगशाळेतून १९४० च्या दशकात आलेलं हे सूत्र दोनच वस्तूंचं आहे: एक लिटरला मेटॉल ७.५ ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम. लॅब केमिकलच्या दुकानात दोन्ही मिळतं. मागताना सल्फाइट म्हणून नीट सांगा आणि बाटलीवरचं नाव वाचून घ्या, सल्फेट वेगळं आणि थायोसल्फेट वेगळं. कालवताना आधी चिमूटभर सल्फाइट, मग सगळं मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट. सल्फाइट जास्त असलेल्या पाण्यात मेटॉल विरघळत नाही, आणि चिमूट टाकली नाही तर मेटॉल हवेने खराब व्हायला लागतं. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या कातडीला खाज सुटते. पाणी डिस्टिल्ड घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच. बोअरच्या पाण्यात तळाला पांढरा गाळ बसतो.

डी-२३ निवडायचं मुख्य कारण आपला उन्हाळा. फिल्मवरचं जिलेटिन गरम पाण्यात फुगतं, आणि डेव्हलपर जितका अल्कलीचा तितकं जास्त फुगतं. फुगलेल्या थराला नख लागलं तरी तो सोलतो. डी-२३ मध्ये सोडा नाही, बोरॅक्स नाही, त्यामुळे अल्कली अगदी सौम्य. धुण्याचा सोडा, क जीवनसत्त्व आणि इन्स्टंट कॉफी घालून करतात ते कॅफेनॉल हिवाळ्यात खुशाल करा, निगेटिव्ह देखणी येते. मे महिन्यात मी सोड्याच्या वाटेला जात नाही. पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि कॉस्टिक सोड्यापासून बनवलेल्या डेव्हलपरबद्दलही तेच, शिवाय कॉस्टिक हाताळणं घरात लहान मुलं असतील तर नकोच.

नव्या पेठेत पूर्वी स्टुडिओ असलेले एक काका मला फिल्म धुण्याची टाकी (उजेड आत न जाणारा डबा) आणि टायमर देऊन गेले. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' फिल्मवर त्यांनी उमेदीची वर्षं काढलेली. उन्हाळ्यात काय करायचात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बर्फ आणायचो. पण बर्फ ट्रेमध्ये नाही टाकायचा रे, ट्रेच्या खाली टाकायचा. आणि २० च्या मागे लागायचं नाही. सगळी पाणी एकसारखी ठेवायची."

याच वाक्यावर माझी पद्धत उभी आहे. २० अंश गाठायचा हट्ट सोडला आणि माठाकडे वळलो. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे माठातून पाणी झिरपून जोरात वाळतं आणि आतलं पाणी गार होतं. सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला ठेवलेल्या आमच्या माठात सकाळी २५-२६ अंश मिळतात, बाहेर ४२ असलं तरी. तेव्हा २६ हेच माझं प्रमाण तापमान.

वेळेचा हिशोब असा. तापमान एक अंश वाढलं की वेळ साधारण दहा टक्के कमी होते. २० अंशांना ९ मिनिटं लागत असतील तर २६ ला सव्वापाचच्या आत. पाच मिनिटांच्या खाली डाग आणि असमान धुलाईची भीती असते, म्हणून काठावर राहायचं नाही. डी-२३ पातळ करायचा. मी एक भाग मूळ द्रावण आणि तीन भाग पाणी घेतो. फोमापान १०० ला २६ अंशांवर साडेआठ मिनिटं. पातळ द्रावणाचा आणखी एक फायदा: जिथे उजेड फार पडलाय तिथे डेव्हलपर लवकर दमतो आणि सावलीत काम करत राहतो, त्यामुळे भर दुपारचे फोटोही आवाक्यात राहतात. एका रोलमागे मूळ द्रावण निदान १०० मिली हवं. पॅटरसन कंपनीच्या धुण्याच्या टाकीत ३५ मिमीच्या रोलला २९० मिली पुरतं, पण १:३ ला त्यात मूळ द्रावण जेमतेम ७२ मिली येतं. म्हणून एकच रोल असला तरी ५०० मिली भरा.

टाकी घमेल्यात, घमेल्यात माठाचं पाणी. नाहीतर खोलीच्या उकाड्याने साडेआठ मिनिटांत दीड अंश सहज चढतो. पहिलं अर्धं मिनिट सतत उलथापालथ, मग दर मिनिटाला चार वेळा, सावकाश. टाकी झाकणाशी धरा, तळहाताची ऊब पोचत नाही. १२० ची फोमापान असेल तर आधी एक मिनिट साध्या पाण्याची पूर्वधुलाई. ओतताना पाणी हिरवंगार निघतं, तो फिल्मच्या पाठीवरचा रंग आहे, घाबरू नका.

डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या स्टॉप द्रावणाला लिंबूसत्त्व, लिटरला १५ ग्रॅम. मग हायपो (सोडियम थायोसल्फेट), म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणारं द्रावण. खडे २५० ग्रॅम आणि सल्फाइट १५ ग्रॅम, एकूण एक लिटर. हायपोचे खडे विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात, तापमान दहाएक अंशांनी उतरतं. गच्चीवरच्या टाकीचं ३५ अंशांचं पाणी घेतलं की खडे विरघळेपर्यंत ते आपोआप २५ च्या आसपास येतं! हिवाळ्यात हाच गुण त्रासाचा, उन्हाळ्यात वरदान. फिल्मचा कापलेला तुकडा आधी हायपोत टाकून किती वेळात पारदर्शक होतो ते बघायचं आणि त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यायचा. ताज्या हायपोपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला की तो हायपो बाद. बाद हायपोत फिल्मवरची चांदी असते, मोरीत ओतू नका. लोखंडी वुलचा गोळा त्यात काही दिवस ठेवला की चांदी त्यावर बसते. भांड्यांची स्टीलची घासणी चालत नाही, लोखंडच हवं.

शेवटी हायपो धुऊन काढायला वाहता नळ कुठून आणायचा? इल्फर्डची रीत वापरा. टाकी भरायची, ५ वेळा उलथायची, ओतायची. पुन्हा भरून १०, पुन्हा भरून २०. हायपो साधा असल्याने मी चौथी भरणी ४० उलथ्यांची करतो. पूर्वधुलाई, डेव्हलपर, स्टॉप आणि चार भरण्या मिळून साडेतीन लिटरच्या आत काम. एक माठ पुरतो, आणि मुख्य म्हणजे सगळी पाणी एकाच तापमानाची राहतात. २६ च्या डेव्हलपरमधून ३५ च्या नळाखाली नेलेली फिल्म दाणेदार व्हायचा धोका असतो. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब. ते ओतू नका, दुसऱ्या दिवशीच्या रोललाही चालतं.

वाळवणं रात्री. दुपारच्या झळांबरोबर धूळ येते आणि ओल्या जिलेटिनवर बसलेला कण कायमचा. मोरीत भिंतींवर पाणी मारून, पंखा बंद ठेवून रोल टांगतो, खाली दोन चिमटे.

मृग लागला की हवेत दमटपणा येतो आणि माठ आजच्याइतका गार करणार नाही, पण तोवर गच्चीवरच्या टाकीचं पाणीही गार झालेलं असतं. तेव्हा नवा तक्ता करावा लागेल. मधल्या काळात सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून रात्रीचे फोटो घेतो आहे. फोमापान १०० लांब एक्सपोजरला फार मंदावते: मीटर १ सेकंद म्हणाला तर २ द्यायचे, १० म्हणाला तर ८०. केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर दाबायची तार) आणि बी, आणि लोकांची ये-जा थांबेपर्यंत धीर.

पुढचं काम प्रिंटचं. काकांच्या एन्लार्जरची (निगेटिव्ह कागदावर मोठी करून पाडणाऱ्या यंत्राची) लेन्स साफ झाली आहे, मोरीच्या दाराच्या फटी बुजवल्या आहेत. कागद आरसीच, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला, घेणार. फायबर कागद सुंदर असतो हे कबूल, पण तो धुवायला लागणारं पाणी आपल्या गावात चार दिवसांच्या साठ्यातून काढणं मला पटत नाही. आरसी दोन मिनिटांत धुऊन होतो. पहिली प्रिंट त्या बाराबंदीतल्या पाठमोऱ्या माणसाची, ग्रेड दोनच्या, म्हणजे मध्यम कॉन्ट्रास्टच्या, फिल्टरने.