राहिलेलं येणं

भाचीनं तिच्या कादंबरीचा पहिला खर्डा पाठवलाय. दोनशे दहा पानं. मुंबई, साल २००१. लालबागच्या एका चाळीत वाढलेले तीन दोस्त, एका बिल्डरकडून उकळलेले दोन कोटी, आणि पैशाची बॅग उघडल्यावर त्यांतल्या एकाची फिरलेली नजर. शेवटच्या पंचवीस पानांत तो बाकीच्या दोघांना संपवतो. सोबत चिठ्ठी होती, "मामा, तू आयुष्य कोर्टात काढलंस. खरं खरं सांग."

मी सांगलीत एका फौजदारी वकीलसाहेबांकडे एकतीस वर्षं कारकून होतो. तारखा लावायच्या, नकला काढायच्या, पक्षकारांना बाकड्यावर बसवून ठेवायचं. रहस्यकथांचं वेड त्याच्याही आधीचं. शाळेत असताना भाड्यानं आणून, रात्री आईचा डोळा चुकवून वाचलेल्या. त्यामुळे खर्डा दोन रात्रींत संपवला. चाळ तिनं फार छान उभी केलीय. नळावरची भांडणं, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, सगळं दिसतं. अडलो ते त्या बॅगेपाशी.

एकतीस वर्षांत बॅग बघून नजर फिरलेला माणूस मला भेटला नाही. साहेब यायला उशीर झाला की बाकड्यावरची माणसं बोलायला लागायची. दरोड्यातली, खंडणीतली, प्लॉटच्या भानगडीतली. आपल्याच दोस्ताला दगा दिलेली माणसंही त्यांत असायची. मला हाव सुटली, असं त्यांतल्या एकानंही कधी म्हटलं नाही. ते म्हणायचे, "माझं राहिलं होतं." गाडी मी चालवली, धोका माझा जास्त, आणि वाटणी मात्र सारखी. नाहीतर, दोन वर्षं आत मी काढली आणि माझ्या घरी कुणी किलोभर तांदूळ नेऊन टाकला नाही. हे येणं मनात वर्षानुवर्षं व्याजासकट वाढत असतं. बॅग उघडते तेव्हा तो माणूस चोरी करत नसतो, वसुली करत असतो. निदान त्याच्या लेखी तरी.

मी तिला कराराचा कायदाही समजावला. १८७२ चा कायदा, कलम २३. बेकायदा कामासाठी केलेला करार कायद्यापुढे शून्य. लुटीतला चौथा हिस्सा बुडाला म्हणून दिवाणी दावा लावता येत नाही. आपल्याकडे व्यवहाराला स्टॅम्पपेपर असतो, साक्षीदार असतात, आणि बिनसलं तर कोर्ट असतं. त्यांच्याकडे यांतलं काहीच नाही, म्हणून सगळा भार दोस्तीवर. भाई म्हणणं, एका ताटात जेवणं, एकमेकांच्या आईला आई म्हणणं, हेच त्यांचे दस्तऐवज. ते एकदा फाटले की दाद मागायला जागा उरत नाही, म्हणून गोष्ट थेट रक्तावर जाते. हे समजलं नाही तर अशा कादंबरीतली दोस्ती नुसती गाण्यापुरती उरते.

आणि एक. २००१ म्हणजे मोक्का आलेला, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा. तो १९९९ चा. एरवी पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. मोक्क्याच्या कलम १८ नं एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालायला लागली, आणि तीही सोबतच्या आरोपींविरुद्धसुद्धा. म्हणजे दोस्त आत एकटा बसला असेल तर बाहेरच्या दोघांना झोप कशी लागेल? तिच्या पोरांना हे माहीतच नाही. ती रात्री बिनघोर पत्ते खेळतात. हे लिहिलं तर तिला बॅगेची गरजसुद्धा पडणार नाही.

एवढं सगळं मी तिला फोनवर सांगितलं. पुढचं सांगायला मला चार दिवस लागले.

१९९८ साली मी दहा जणांची भिशी चालवत होतो. महिना हजार, दहा महिने. भिशीचालक म्हणून पहिली भिशी माझी, असा रिवाजच. माझा एक जिवाचा दोस्त होता. आमचं घर गावभागात, त्याचं दोन गल्ल्या सोडून. जानेवारीत तो आला आणि म्हणाला, "पहिली मला दे. आईचं पिशवीचं ऑपरेशन आहे." मी जुन्या स्कूटरचा सौदा ठरवून विसार देऊन बसलो होतो. म्हटलं, रिवाज मोडला तर बाकीचे काय म्हणतील? तो बरं म्हणाला आणि गेला. त्याला एप्रिलची चौथी भिशी मिळाली.

त्याच पावसाळ्यात आम्ही दोघं 'सत्या' सिनेमा बघायला गेलो. निवडणूक जिंकल्यावर पुढारी भाऊ ठाकूरदास आपल्याच गुंडाला, भिकू म्हात्रेला गोळी घालतो तेव्हा थेटर गप्प झालं होतं. परतताना मी म्हटलं, "एवढा जवळचा माणूस मारला!" तो म्हणाला, "नको सांगितलेलं असताना भिकूनं दुसऱ्या टोळीच्या गुरू नारायणला मारला होता. भाऊनं तेव्हाच लिहून ठेवलं असणार." तो मागच्या सीटवर होता, माझ्याच स्कूटरवर.

ऑगस्टपासून त्यानं हप्ता देणं बंद केलं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. तीन हजार. माझा पगार तेव्हा चोवीसशे होता. बाकीच्यांना तोंड दाखवायचं म्हणून मी पदरचे भरले आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. आठ वर्षं गावात ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, दहा हजारासाठी दोस्ती विकली त्यानं.

२००६ मध्ये एका लग्नात त्याचा धाकटा भाऊ पंगतीला शेजारी बसला. बोलता बोलता म्हणाला की, आईच्या ऑपरेशनला दादानं जानेवारीत सावकाराकडून दहा हजार उचलले होते. शेकडा दहानं. एप्रिलला भिशी मिळाली तेव्हा मुद्दल फिटलं. महिन्याला हजार व्याज, तीन महिने. पुढ्यात जिलेबी तशीच राहिली. हिशोब माझ्या रोजच्या कामातला, तरी तो मांडायला मला आठ वर्षं लागली होती. त्यानं माझा एक रुपयाही जास्त घेतला नव्हता.

त्याच्याकडे जायचं ठरवलं होतं. आज, उद्या. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ते कुटुंब इचलकरंजीला गेलं. भिशीची वही २०१९ च्या पुरापर्यंत माझ्या टेबलाच्या खणात होती. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, त्यात आमचा तळमजला बुडाला आणि वहीही गेली.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, हे मी घेऊ? बॅग काढून टाकते. दुसऱ्या प्रकरणात आई आजारी पडते आणि तो पैसे मागायला येतो, असं करते."

म्हटलं, घे. नाही म्हणणारा मात्र वाईट माणूस दाखवू नकोस, त्याला त्या दिवशी स्कूटर खरंच हवी होती. आणि रंग बदलू नकोस. हिरवी होती.