तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा उघड्या गाडीत मजा कसली?

ब्रिटनमध्ये नव्याने आलेली मराठी मंडळी हमखास विचारतात: जुनी दोन सीटांची माझदा एमएक्स-5 घेऊन खेड्यापाड्यातल्या रस्त्यांवर फिरण्यात मजा कसली, आणि ती चालवायची कशी?

मजा वजनात आहे. 1989 साली आलेली ही पहिली एमएक्स-5 साधारण 950 किलोची. इंजिन 1.6 लिटरचं, ताकद 115 अश्वशक्तीच्या आसपास. आजची साधी हॅचबॅकसुद्धा हिच्याहून दोन-तीनशे किलोंनी जड भरते. वजन कमी म्हणून टायर अरुंद चालतात, स्प्रिंगा मऊ ठेवता येतात आणि रस्ता स्टिअरिंगमधून थेट हातात येतो. हे कळायला वेग लागत नाही, ताशी चाळीस मैलांवरही कळतं.

मात्र आधी टायरची हवा बघा. हिला 26 पीएसआय पुरते. इतर गाड्यांसारखी 32 भरली की खडबडीत रस्त्यावर गाडी उड्या मारते आणि ओल्यात पकड सोडते. टायरच्या बाजूवर DOT पासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडेही वाचा, पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. अशी गाडी वर्षाकाठी फार फिरत नाही, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर मात्र कडक झालेलं, असे टायर पुष्कळ सापडतात. ते बदलाच.

आता वळण. रस्त्याच्या डाव्या-उजव्या कडा लांबवर जिथे एकमेकींना भिडल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवा. तो तुमच्याकडे येतोय तर वळण आवळतंय, वेग कमी करा. तुमच्या वेगाने पुढे चाललाय तर वेग बरोबर आहे. तो पळायला लागला की वळण उघडलं, आता रेस द्या. ब्रेक आणि गिअर, दोन्ही कामं सरळ रस्त्यावरच उरका. वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. म्हणून आत शिरताना सावकाश शिरा आणि वळणभर पाय हलका, पण टेकलेला ठेवा.

डेव्हनमधल्या गल्लीवजा रस्त्यांना दोन्ही बाजूंनी उंच झुडपांची कुंपणं असतात, यॉर्कशायरमध्ये आपल्या कोकणातल्यासारखे दगडी गडगे. त्यात या गाडीची बैठक खोल, त्यामुळे पलीकडचं काही दिसत नाही. अशा रस्त्यांवर कायदा बहुतेक ठिकाणी 60 मैलांची मुभा देतो, पण त्या मुभेवर विसंबू नका. 30 मैलांवरून थांबायला 23 मीटर लागतात. एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर समोरून येणाराही तेवढंच अंतर खाणार, म्हणजे निदान 46 मीटर रस्ता दिसायला हवा. टप उघडा असेल तर एक फायदा होतो: वळणापलीकडचा ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतो. रस्त्यावर ताज्या मातीची ढेकळं दिसली तर तो जवळच आहे असं धरा. घोडेस्वार भेटला तर 10 मैलांपेक्षा कमी वेग, 2 मीटर अंतर आणि इंजिन शांत.

थंडीत टप उघडून जायचं असेल तर दोन्ही काचा वर आणि हीटरची हवा पायांवर सोडा. वारा पाठीमागून मानेवर येतो तो बराच कमी होतो. टप खाली घेण्याआधी मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन उघडून ती सपाट पाडायची. गारठ्यात प्लॅस्टिक कडक होतं, तसंच दुमडलं तर चिरतं. ओला टप घडी करून ठेवू नका, बुरशी धरते.

गाडी विकत घेताना लोक इंजिन ऐकत बसतात. ते दणकट आहे. खरा घात होतो तो सीटमागच्या कोपऱ्यांत. टपावरचं पाणी तिथल्या दोन नळ्यांतून खाली जातं. पानांचा कचरा अडकला की ते दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं आणि पत्रा आतून गंजतो. वरचा रंग फुगेपर्यंत पत्ता लागत नाही. नळीत पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि मागच्या चाकाच्या पुढे खाली वाकून बघा. धार लागली तर ठीक. थेंब थेंब आलं तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी वरून सारा. लोखंडी तार नको, तिने नळीच फाटते. हे काम पानगळीनंतर दरवर्षी करावं लागतं.