१३ ते १६ नंबरचे माग

७० बाय १४० सेंटीमीटरचा टॉवेल, ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम. त्या हिशेबानं एका नगाचं वजन ४९० ग्रॅम भरायला हवं. खरेदीदार पाच टक्के इकडंतिकडं चालवून घेतो, तेव्हा ४६५च्या खाली गेला की नग नापास. हा हिशेब आमच्या कारखान्यात मालकांपासून शिलाईच्या बायकांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. ग्रॅम दाखवणारा काटा मात्र एकच, आणि तो माझ्या टेबलावर.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी बघते. २४ माग. रंगीत सुताचे पट्ट्यांचे टॉवेल विणायचे, कापायचे, शिवायचे, घडी घालून खोक्यात भरायचे. क्वालिटीवाल्या माणसाकडं सगळे दोनच नजरांनी बघतात. विणकरांच्या लेखी मी मालकाची माणूस, चुका काढायला बसवलेली. ऑफिसच्या लेखी मी माल अडवणारी. सोलापुरी टेरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाला मिळतं; वजन दर वेळी नव्यानं भरावं लागतं.

एप्रिलचा शेवट होता. पारा ४२च्या पुढं, हवा अशी कोरडी की कागद हातात घेतला तरी कुरकुरायचा. ३,००० नगांची ऑर्डर तयार झाली होती आणि दुसऱ्या दिवशी खरेदीदाराचा इन्स्पेक्टर येणार होता. दिसायला माल सुरेख. टॉवेलावरचे धाग्याचे वेढे, म्हणजे लूप, सारखे, काठ सरळ, शिलाई पक्की. अशा लॉटमधून इन्स्पेक्टर १२५ नग उघडून बघतो. मोठे दोष ७ पर्यंत चालतात, आठवा सापडला की लॉट परत. मी आदल्या दिवशीच त्याच पद्धतीनं १२५ नग काढून बघितले होते. दोष मिळाले दोन, तेही शिलाईचे. तिथं सगळे खूश झाले.

मग मी वजनाला बसले. प्रत्येक गठ्ठ्याला मागाच्या नंबराची चिठ्ठी असते, आणि वजन मी मागवार घेते. सगळे नग एकत्र करून सरासरी काढण्यात मला कधीच अर्थ वाटलेला नाही. बहुतेक माग ४७५च्या आसपास. १३, १४, १५ आणि १६ नंबरचे मात्र ४४६, ४४५, ४४७, ४४६.

मालकांना केबिनमध्ये जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, हवा बघा की बाहेरची. कापूस आहे तो, कोरड्या हवेत हलका होणारच. तिकडं समुद्रापलीकडं गेल्यावर आपोआप भरतंय वजन.”

मालक तीस वर्षं या धंद्यात आहेत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कापूस हवेतला ओलावा धरतो. व्यापारात सुती मालाचं वजन धरताना कोरड्या वजनावर ८.५ टक्के ओलावा धरायचा, असा नेम आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात तेवढा ओलावा टिकत नाही. प्रश्न एवढाच होता की ४४ ग्रॅमपैकी हवेनं खाल्ले किती आणि मागानं किती.

आमच्याकडं छोटा ओव्हन आहे. एक टॉवेल १३ नंबरचा आणि एक ५ नंबरचा, असे दोन आत टाकले. १०५ अंशांवर ठेवायचं, मधूनमधून काढून वजन करायचं, आणि वजन उतरायचं थांबलं की तो खरा कोरडा कापूस. हे काम सोपं दिसतं, पण घाईचं आहे. ओव्हनमधून काढलेला टॉवेल काट्यावर ठेवला की आकडा डोळ्यांदेखत चढायला लागतो. ४२५... ४२६... ४२७. एप्रिलच्या त्या रखरखीत हवेतूनसुद्धा तो पाणी ओढून घेत असतो. हा खेळ मी कितीही वेळा बघितला तरी मला बघावासा वाटतो. पहिला आकडा पकडायचा आणि लिहायचा.

५ नंबरचा: कोरडा ४५२. त्यावर साडेआठ टक्के चढवले की ४९०. बरोब्बर.

१३ नंबरचा: कोरडा ४२५. साडेआठ टक्के चढवून ४६१.

म्हणजे ४४ पैकी १५ ग्रॅम हवेचे, हे मालकांचं खरं. उरलेले २९ ग्रॅम हवेचे नव्हते. आणि ४६१ म्हणजे तरीही नापास.

एवढ्यात एक्स्पोर्टचं बघणारे साहेब येऊन खुर्चीवर बसले. माणूस वाईट नाही, पण तारीख जवळ आली की त्यांचा घसा बसतो. ते म्हणाले, “सरासरी किती येते?” मी काढून दिली. चोवीसपैकी चारच माग कमी, तेव्हा साडेआठ टक्के ओलावा धरून सगळ्या लॉटची सरासरी ४८५. “झालं तर मग! ४८५ लिहा. आणि वजनाला इन्स्पेक्टर पाच-सहाच नग काढतो. त्यात नेमके हेच कशाला सापडतील?”

गणित मलाही येतं. दर सहा नगांत एक हलका असेल आणि तो सहा नग काढणार असेल, तर एकही न सापडण्याची शक्यता तिसऱ्या हिश्श्याएवढी. म्हणजे तीनदा असं केलं तर दोनदा सापडणार. हे मी त्यांना सांगू शकले असते आणि ते घाबरलेही असते. पण सांगितलं नाही. ‘सापडेल’ हे माझं कारण झालं असतं तर उद्या शंभरात एक नग हलका असताना माझ्याकडं बोलायला काहीच उरलं नसतं. सापडेल की नाही याचा अंदाज बांधणं हे माझं कामच नाही. मागवार वजन लिहिणं हे आहे.

मी म्हटलं, “साहेब, सरासरी पण लिहिते, मागवार पण लिहिते. माल पाठवायचा का, ते तुम्ही आणि मालक ठरवा. मी कंटेनर अडवत नाही.”

हे शेवटचं वाक्य माझ्या मते महत्त्वाचं होतं. नवीन क्वालिटीवाली पोरं येतात, त्यांना वाटतं आपण दाराशी उभे राहिलेले पोलीस आहोत. मग भांडणं होतात, आणि भांडणात आकडा हरवतो. माल थांबवला तर बुडणारे पैसे माझे नसतात, पाठवला तर जाणारी पत माझी नसते. ज्याचे पैसे आणि ज्याची पत, त्याच्या हातात ठरवण्याआधी खरा कागद पडायला हवा.

कागद मालकांसमोर गेला आणि विषय भलतीकडंच वळला. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला. चार माग, प्रत्येकी सव्वाशे नग, नगामागं २९ ग्रॅम. साडेचौदा किलो सूत. “गेलं कुठं सूत?” आवाज एकदम खाली आला होता. ओरडणारे मालक मला चालतात. हळू बोलले की भीती वाटते. त्या चार मागांवर दोन विणकर आहेत, दोघंही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे. आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो. त्यातले मोठे अण्णा माझ्या वडलांच्या वयाचे.

मी म्हटलं, “मालक, कागदावर वजन कमी आहे एवढंच लिहिलंय. सूत गेलं असं कुठं लिहिलंय? आधी मागावर जाऊन बघू.”

टेरीच्या मागाला दोन बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात. एकाचा ताणा घट्ट, तो कापडाचा पाया. दुसरा वरचा, पाइल बीम, त्याचा ताणा सैल सोडायचा, कारण त्याच धाग्यांचे लूप होतात. तो जितका सैल तितका लूप उंच. आवळला की लूप बुटका आणि टॉवेल हलका. आमच्या जुन्या मागांवर हा ताण दोरी आणि वजनांनी सांभाळतात. आम्ही १३ नंबरच्या मागं गेलो. दोरीला लोखंडी वजन होतंच, त्याच्या खाली सुतळीनं बांधलेली अर्धी वीट लोंबत होती. १४ला तशीच. १५ आणि १६लाही.

मोठ्या अण्णांनी लपवाछपवी केली नाही. “नवीन सूत आलं की नाही मॅडम, लई केसाळ. सैल सोडलं की धागा धाग्याला धरतंय. अर्ध्या तासाला तुटतंय. माग बंद म्हणजे नग नाही, नग नाही म्हणजे पगार नाही. वीट बांधली, चालायला लागलं.” मागांची देखभाल बघणारे जॉबर मामा बाजूला उभे राहून छताकडं बघत होते. नवं सूत याच चार मागांवर चढवलं होतं, हे त्यांना माहीत होतं.

मालक म्हणाले, “आणि सूत?”

मी १२ नंबरच्या पाइल बीमवर हात ठेवला आणि मग १३च्या. दोन्ही एकाच दिवशी चढवलेले, दोन्हींवर साधारण तेवढेच नग निघालेले. १३चा बीम बोटभर जाड होता. मालकांनी स्वतः दोन्हीकडं बोटं लावून बघितलं, मग १४, १५, १६. लूप बुटके झाल्यावर सूत कमीच लागणार. उरलेलं सगळं जिथल्या तिथं गुंडाळलेलं होतं. मालक काही बोलले नाहीत. अण्णांना काय संशय होता ते कळलंच नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी रिपोर्टमध्ये कारण लिहिलं: नवीन सुताच्या लॉटमध्ये केस जास्त, पाइल बीमवर जादा वजन, मागाजवळ नग तोलायची सोय नाही. तिसरं कारण लिहिताना एक्स्पोर्टचे साहेब म्हणाले, हे कशाला, आपल्याच अंगावर येतं. मी राहू दिलं. विणकराला ४९०चा आकडा पाठ आहे, पण त्यानं तो तपासायचा कशानं?

मालकांनी रात्री आठला ठरवलं. चार मागांचे ५०० नग बाजूला काढायचे, मुंबईच्या एजंटला आत्ताच फोन करायचा, २,५०० तपासणीला लावायचे, उरलेले तीन आठवड्यांत विणून द्यायचे. एजंट फोनवर बराच वेळ बोलला, आणि त्यातलं कागदावर लिहिण्यासारखं फारसं नव्हतं. उशिराबद्दल त्यानं दरात कपात मागितली आणि मिळवलीही. हलके ५०० नग आम्ही गावातच ४६० ग्रॅमचे म्हणून विकले. साहेब दोन-चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. आता मात्र नवीन ऑर्डरचा दर काढण्याआधी ते टेबलाशी येतात आणि विचारतात, या सुतात हे वजन बसेल का?

कारखान्यात आता दोन काटे आहेत. नवीन बीम चढला की पहिला टॉवेल विणकरानं स्वतः तोलायचा आणि आकडा मागाच्या पाटीवर खडूनं लिहायचा. जॉबर मामांना हे अजूनही आवडत नाही.

महिनाअखेरीला हिशेबाचा माणूस एक कागद घेऊन आला. त्या ५०० नगांची मजुरी अर्धी धरायची, खाली क्वालिटीची सही. मी विचारलं, मालकांनी सांगितलंय का? तर म्हणाला, नाही, पण नापास मालाला असंच करतात, तुमची सही असली की झालं. मी कागद परत दिला. टॉवेलचं वजन किती यावर मी सही करते, अण्णांच्या मजुरीवर नाही. मालकांना विचारा, आणि विचाराल तेव्हा माझा रिपोर्ट सोबत न्या, कारणांसकट. तो कुरकुरत गेला. मोठ्या अण्णांना त्या महिन्यात पूर्ण मजुरी मिळाली. धाकट्यांचे दोन दिवसांचे कापले, ते खाड्याचे, असं हिशेबाचा माणूस सांगतो. धाकटे अण्णा ते मान्य करत नाहीत.