‘दादा, अजून आत घ्या!’

"दादा, अजून आत घ्या. खोडाला एकदम प्लेन करा, खुंटी नको." आज दादरच्या एका सोसायटीत गुलमोहराची फांदी कापताना खालून आलेली ही हाक दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

फांदी खोडातून निघते तिथे एक फुगीर, सुरकुतलेली कड असते. मी तिला मान म्हणतो. जखमेवर नवी साल तिथूनच सरकते. ती मानच कापली की जखम मोठी होते, बुरशी थेट खोडात शिरते आणि काही पावसाळ्यांत पोकळी तयार. हातभर खुंटी, म्हणजे फांदीचा तुकडा, ठेवली तर तीही सडतेच. म्हणून काप मानेच्या अगदी बाहेरून.

जाड फांदीला तीन काप लागतात. पहिला खालून, खोडापासून फूटभर दूर, पाव जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या दोन-तीन इंच पुढे, फांदीच्या टोकाकडे. फांदी इथे सुटते. उरलेला हलका तुकडा तिसऱ्या कापाने मानेबाहेर. पहिला काप टाळला, तर वजनाने फांदी फाटते आणि खोडाची साल ओरबाडत खाली येते. गुलमोहराचं लाकूड तर ठिसूळच.

वर डांबर किंवा रंग फासू नका. ओल आत अडकते.

१९७५ च्या वृक्ष कायद्याची परवानगी घेतलीत का, हे सगळे विचारतात, आणि विचारायलाच हवं. पण काप कुठे घेणार, हे कुणीच विचारत नाही.

तुमच्या आवारातल्या झाडाचे जुने काप बघाल का? भोवती सालीची सलग गोल कडी आलीय, की मधे भोक पडलंय?