पडद्याशी सांगितलेलं

महिन्याची 9 तारीख म्हटली की आमच्या प्रसूतिगृहात पाय ठेवायला जागा नसते. सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला पुण्यातल्या जनता वसाहत, दांडेकर पूल, पर्वती पायथा, सगळीकडून बायका येतात. ती आत आली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. पहिलटकरीण, वय 23, दिवस 31 आठवड्यांचे. बीपी बरोबर, बाळाचे ठोके छान, हिमोग्लोबिन 9.8. लोहाच्या गोळ्या लिहिल्या, पुढची तारीख दिली. ती उठली, पडद्याला हात घातला आणि तिथूनच म्हणाली, "मॅडम, अंगावरून पांढरं जरा जास्तच जातंय. पण ते असतंच ना?"

"मी तेच सांगते तिला," सासूबाई म्हणाल्या, "दिवसांत जातंच."

जातंच, हे खरं आहे. गरोदरपणात पांढरट, बिनवासाचं जाणं वाढतं आणि त्याला औषध लागत नाही. म्हणूनच हे वाक्य फसवं आहे. "मावशी, पाच मिनिटं बाहेर बसता का?" म्हणून मी पडदा ओढला आणि तिला नीट विचारलं. खाज आहे का? लघवीला जळजळ? वास?

ती फरशीकडे बघत राहिली. "वास येतो. मासळीसारखा. ह्यांच्याजवळ गेलं की जास्त. दोन महिने झाले." मग अजून हळू, "आणि काल रात्रीपासून पाण्यासारखं येतंय." ती सिंहगड रोडला चार घरी पोळ्या करते. त्या दिवशी सकाळी दुसऱ्या घरी पोहोचेपर्यंत तिने जुन्या साडीची घडी तीनदा बदलली होती.

टेबलावर घेतलं. हाताने आतून तपासायचं नाही, हे सिस्टरना आधीच सांगितलं. पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटली असेल तर बोटांबरोबर जंतू वर जातात. आतलं दिसावं म्हणून स्पेक्युलमचा चिमटा लावला. आत थोडं पाणी साचलेलं होतं. "खोक बरं एकदा," म्हटलं. ती खोकली आणि पिशवीच्या तोंडातून पाण्याची बारीक धार आली. लिटमसचा लाल कागद निळा झाला, पाणमोटीचं पाणी असलं की होतो तसा. तशा जंतुसंसर्गातही कागद कधीकधी फसवतो, पण डोळ्यांसमोर आलेली धार फसवत नाही.

ताप नव्हता, पोट दाबल्यावर दुखत नव्हतं, कळा नव्हत्या. म्हणजे हातात थोडा वेळ होता. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोनचं पहिलं 6 मिलिग्रॅमचं इंजेक्शन तिथेच दिलं, जंतू वाढू नयेत म्हणून एरिथ्रोमायसिन सुरू केलं, 108 ला फोन लावला. गाडी येईपर्यंत मी तिचं कार्ड भरायला घेतलं आणि मागचं पान उलटलं.

26 आठवडे. तक्रार: पांढरं जाणे. शेरा: नॉर्मल.

अक्षर माझं होतं. वास येतो का, एवढं मी विचारलं नव्हतं.

योनीमार्गात एरवी लॅक्टोबॅसिलस नावाच्या जंतूंचं राज्य असतं. दही लावतात त्यांच्याच जातकुळीतले. ते आम्ल तयार करतात आणि बाकीच्यांना वाढू देत नाहीत. ते कमी झाले की गार्डनेरेलासारखे जंतू माजतात, पाण्यासारखा राखाडी स्राव आणि तो वास सुरू होतो. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. यात बाईची अस्वच्छता नसते, आणि हे मी प्रत्येकीला सांगते, कारण प्रत्येकीला तीच लाज असते. जंतू वर चढले तर पाणमोटीच्या पडद्याला सूज येते, तो कमकुवत होतो, कळा आणणारी रसायनं सुटतात. 37 आठवड्यांआधीच्या बाळंतपणाचं हे एक कारण.

त्या 26 आठवड्यांच्या तपासणीतच या जंतूंवरचं मेट्रोनिडाझोल सात दिवस दिलं असतं तर पाणमोट टिकली असती का? सांगता येत नाही. त्रास नसलेल्या सगळ्या बायकांना शोधून औषध दिल्याने वेळेआधीची बाळंतपणं कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. पण हिला त्रास होता. औषधाने तो थांबला असता आणि पुढे काही वेगळं जाणवलं असतं तर ती आदल्या रात्रीच आली असती. हे मला खात्रीने वाटतं, आणि ते डोक्यातून जात नाही.

ससून रुग्णालयात तिची डेक्साची चारही इंजेक्शनं पूर्ण झाली. पाचव्या दिवशी कळा आल्या. मुलगी, 1 किलो 560 ग्रॅम. काही दिवस श्वासाला यंत्राचा आधार लागला. आईचं दूध पुरेसं उतरेपर्यंत तिथल्या मातृदुग्धपेढीतलं दूध नळीने दिलं.

पुढे एका 9 तारखेला ती आली. बाळ गाऊनच्या आत, छातीला बांधलेलं, बाहेर फक्त टोपी. मी टोपीखाली बोट घातलं तर टाळू ऊबदार लागला. "कांगारूसारखं ठेवायचं म्हणाल्या तिथल्या सिस्टर, रात्री ह्यांच्याकडे देते," ती म्हणाली. मग मागे वळून एका मुलीला पुढे ओढलं. "ही माझी जाऊ. पाचवा लागलाय. सांग गं मॅडमना, मला सांगितलंस ते."

जाऊ फरशीकडे बघायला लागली. मी उठून पडदा ओढला.