सिक्स पॉकेट

आमच्या विजेच्या लाईनवरच्या अर्ध्याअधिक पोरांच्या अंगात मिलिट्री छापाची पॅन्ट असते. थोडी हौस, पण खरं कारण खिसे. तीन किटकॅट, पक्कड, टेस्टर, टेप, मोबाईल आणि खर्र्याची पुडी साध्या पॅन्टीत कुठं मावणार? आर्वीकडच्या बाजारात ही सिक्स पॉकेट साडेतीनशे-चारशेला मिळते. ठेकेदार वर्षाला रेडियम पट्ट्यांचं एक जाकीट देतो. सही मात्र हातमोजे, बूट, हेल्मेट सगळ्यांवर घेतो.

किटकॅट म्हणजे डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, डब्यातला चिनी मातीचा फ्यूज, दर फेजला एक. लाईनवर चढायचं तर तिन्ही उपसायचे आणि स्वतःच्या खिशात घालायचे. डब्यात ठेवायचे नाहीत, कारण आमच्याकडे डीपीचा डबा गावचा असतो. दार मोडकं, कुलूप गायब. पाणी द्यायची घाई असली की शेतकरी स्वतःच किटकॅट बांधतो, तेही फ्यूज वायरीनं नाही, ॲल्युमिनियमच्या जाड तारेनं, म्हणजे घडीघडी उडायला नको. खोटं कशाला बोलू, आम्हीही बांधतो. स्टोअरमधून वायर येते तेव्हा येते.

मे महिन्याचा शेवट होता. आदल्या रात्री वावधान सुटलं, फांद्या तारांवर पडल्या. संत्र्याचा आंबिया बहार झाडावर, पाणी तुटलं की फळ गळतं, म्हणून सकाळपासून फोनवर फोन. आधीच थ्री फेज आठ तास, त्यातले पाच बंदमध्ये गेलेले. माझ्या सिक्स पॉकेटचा बाजूचा खिसा दोन दिवसांपूर्वी काटेरी तारेच्या कुंपणात फाटला होता. मी साधी टेरिकॉटची पॅन्ट घालून गेलो. किटकॅट उपसले, हातात धरले, खिसा चाचपला आणि डब्याच्या तळाशी ठेवून दिले. पंधरा मिनिटांचं तर काम.

सोबतचा पोरगा पोलिस भरतीची तयारी करतो. पहाटे रोडवर पळतो आणि दिवसा डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या-तपकिरी छापात असतो. तिसऱ्या पोलवर कडुनिंब पसरलेला. त्यानं चढून आधी साखळी टाकून लाईन शॉर्ट केली, अर्थ केली, म्हणजे तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडल्या. हे तो कधी विसरत नाही, मी शिकवलंय. मग फांद्या तोडायला लागला. मी खाली फांद्या ओढत धुऱ्यापलीकडे गेलो. जाकीट त्यानं गरम होते म्हणून गाडीवर टाकलं होतं.

चारच्या सुमारास डीपीकडून ‘फाट्’ असा आवाज आला आणि पाठोपाठ ओरडणं.

बागवाले काका. साठीचे, पांढरा टेरिलिनचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्यांनी पहिला किटकॅट दाबला आणि शॉर्ट केलेल्या लाईनवर ती जाड तार वितळून हातावर उडाली. धावत गेलो तर मनगटापासून कोपरापर्यंत बाही आवळून कातडीला चिकटलेली, कडेनं काळपट मणी झालेले. आतल्या सुती बनियानला ठिणगीनं दोन भोकं पडली होती, पण ते अंगापासून सुटं होतं. मी कॅनमधलं पाणी ओतत राह्यलो. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं बाही ओढू दिली नाही. चिकटलेलं तसंच ठेवून भोवतीचं कापड कात्रीनं कापलं आणि सेवाग्रामला पाठवलं.

गाडीत काका एकच बोलत होते, “मले पोलवर कोणीच दिसलं नाई जी. किटकॅट डब्यातच होते, म्हनलं काम झालं असन.”

गावात चर्चा पहिल्या वाक्याचीच झाली. पोरगा कडुनिंबात दिसलाच नाही! गावातल्या निवृत्त फौजी काकांनी त्याला झापलं. सैन्यानं जानेवारी २०२२ मध्ये नवा डिजिटल छाप आणला, तो उघड्या बाजारात विकायला परवानगी नाही, आणि तुमच्यासारखे लोक बाजारातली नक्कल घालून फिरता. “जो कपडा दिसू नये म्हणून केला, तो घालून तू तारेवर चढतो काय बे?” साहेबांनीही अहवालात जाकीट नव्हतं असंच लिहिलं. पोरगा मान खाली घालून ऐकत होता. वास्तविक त्याच्या साखळीनंच त्याला वाचवलं, आणि तिच्यामुळंच तिकडं भडका झाला. साखळी नसती तर कोण भाजलं असतं ते सांगायला नको.

त्यानंतर मी बाजारात काडेपेटी घेऊन जातो. पॅन्टीच्या आतल्या शिवणीजवळ कापडाच्या काठातून धागा काढायचा आणि पेटवायचा. पॉलिस्टर असेल तर आक्रसून कडक मणी होतो, बोटाला चिकटतो. सूत असेल तर कागद जळल्याचा वास आणि चुरडली की उडणारी राख. दुकानदार चिडतात, चिडू देत. सुतीही पेटतं, ज्याला आग धरत नाही तो कपडा आमच्या पगारात बसत नाही. पण पॉलिस्टर अडीचशे ते दोनशे साठ अंशाला वितळून कातडीत शिरतं. एवढा कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात बाजारभर एक सुती सिक्स पॉकेट सापडली नाही.

शेवटी सुती ड्रिल घेतलं, फिका खाकी रंग, दीड मीटर, दोनशे वीसनं. टेलरकडं पाऊण तास उभं राहून बाजूच्या खिशाला चुन्या घालून घेतल्या, तिन्ही किटकॅट आत जातील अशा, मी सोबत नेले होते मापाला. बटणं प्लास्टिकची. वेल्क्रो नाही, पावसाळ्यात कुसळं भरली की मरते. पोटरीवर रेडियम पट्टी. शिलाई साडेतीनशे. टेलर म्हणाला, एवढ्यात जवळजवळ दोन कमांडो पॅन्टा आल्या असत्या. मिलिट्री बूटही बघितले, पण त्यांच्या तळाला खिळे. कापडी जंगल बूट शिडीवर बरे, तेच घेतले.

काका महिन्यानं भेटले. हाताचं कातडं गुलाबी, चमकणारं. चहा पाजला. म्हणाले, “पोराले काई बोलू नका जी, चूक माहीच.” मी हो म्हणालो. खिशावर हात होता माझा, किटकॅट टोचत होते. पोरगा समोर बशीत चहा ओतत होता, तीच छापाची पॅन्ट घालून.

डब्यात ते कुणी ठेवले हे मला अजून कुणी विचारलं नाही.